रिपोर्ट आला का? नवजात बाळाच्या तपासण्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

बाळ जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत करायच्या तपासण्यांबद्दल बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले, लांबलेले थोडे छाटले. औषधांचे डोस इथे मुद्दाम लिहीत नाही, ते बाळाला तपासलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

बाळ तीन दिवसांचं आहे, वजन सव्वातीन किलो, दूध छान ओढतं. हॉस्पिटलवाले टाचेतून रक्त घेऊन तपासणी करा म्हणतात, पण ‘ऑप्शनल’ आहे असंही सांगतात. घरची मोठी माणसं म्हणतात, धडधाकट लेकराला उगाच कशाला टोचायचं? (एक बाबा, सातारा)

टोचून घ्या, आणि घरी जायच्या आधीच. ऑप्शनल एवढ्याचसाठी की आपल्याकडे या तपासणीची देशभर सक्ती नाही. तिची गरज कमी आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

धडधाकट दिसणाऱ्या बाळासाठीच ही तपासणी आहे. एकच आजार घेऊ, जन्मजात थायरॉइडची कमतरता. आईच्या पोटात असताना वारेतून थोडं हार्मोन मिळालेलं असतं, त्यामुळे जन्मताना बाळात काहीच वावगं दिसत नाही. पुढचे काही आठवडे तर ते फारच गुणी वाटतं. रडत नाही, सारखं झोपतं, रात्री कुणाला उठवत नाही. घरात कौतुक चालू असतं, ‘किती शहाणं आहे गं!’ मग हळूहळू शी कडक होते, बेंबी फुगते, रडण्याचा आवाज घोगरा येतो, जीभ जाड दिसू लागते. तोवर मेंदूच्या वाढीचा जो काळ हुकलेला असतो, तो कुठल्याही औषधानं भरून निघत नाही. याउलट पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, तर ही मुलं इतरांसारखीच वाढतात, शाळेत जातात, अभ्यासाचा कंटाळा करतात. आपल्याकडे साधारण हजार-बाराशे बाळांमागे एकाला हा आजार आढळतो. एवढं मोठं नुकसान इतक्या स्वस्त गोळीनं टळण्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात फार नाहीत.

घरच्यांना टोचण्याची धास्ती असेल तर पद्धत सांगा. जन्मानंतर 48 ते 72 तासांच्या दरम्यान टाच थोडी शेकून घेतात. टोचतात ते टाचेच्या कडेला, मधोमध नाही. पहिला थेंब पुसून टाकतात आणि पुढचे थेंब जाड कागदावर छापलेल्या गोलांत टिपतात. गोल मागच्या बाजूनंही लाल दिसला पाहिजे, नाहीतर लॅब नमुना नाकारते. मग कार्ड आडवं ठेवून तीन-चार तास सावलीत वाळवतात. टोचताना बाळ अंगावर पीत असेल तर रडणं बरंच कमी होतं, त्यामुळे नर्सला तसं जरूर सांगा.

डिलिव्हरीनंतर बावीसाव्या तासाला आम्हाला घरी सोडलं, निघताना बाळाचं रक्त घेतलं. टीएसएच 31 आलाय आणि पुन्हा बोलावलंय. माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. (एक आई, नाशिक)

पुन्हा बोलावणं म्हणजे निदान नव्हे, हे आधी मनात पक्कं करा. जन्मल्यावर अर्ध्या तासात प्रत्येक निरोगी बाळाचा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) उसळी घेतो, 60-80पर्यंतही जातो, आणि पुढच्या दोन दिवसांत उतरतो. म्हणून तर 48 तास थांबायचं असतं. तुमचा नमुना उतार चालू असतानाच घेतला गेला. 48 तासांनंतरच्या नमुन्यात 20च्या वरचा आकडा आला तर बाळाला परत बोलावतात. 24 ते 48 तासांच्या नमुन्याला हीच मर्यादा 34 धरतात. 24 तासांच्या आतल्या आकड्यावरून खात्रीनं काहीच सांगता येत नाही. आकडा 40च्या वर असता तर मात्र शिरेतलं रक्त घेऊन त्याच दिवशी औषध सुरू केलं असतं.

आता शिरेतून रक्त घेऊन टीएसएच आणि फ्री टी-फोर (खुद्द थायरॉइडचं हार्मोन) असं दोन्ही तपासतील. जाताना एक गोष्ट आठवून ठेवा. बाळाच्या बेंबीला किंवा तुमच्या टाक्यांना आयोडीनचं लाल-तपकिरी औषध बरेच दिवस लावलं होतं का? त्यानंही हा आकडा काही काळ वर जातो. आणि दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडत बसू नका. काही लॅब सगळ्या रक्तातला आकडा देतात, काही सीरममधला, आणि पहिला दुसऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो.

‘बारसं होऊ दे, मग जाऊ’ असं घरून कुणी म्हणेल. तेवढं ऐकू नका. बारसं पुढे ढकलता येतं.

आजार निघालाच, तर गोळी चमच्यात बारीक करून थोड्या आईच्या दुधात किंवा पाण्यात द्यायची. पूर्ण बाटलीत मिसळायची नाही, लोह-कॅल्शियमच्या थेंबांबरोबर नको आणि गुटीत तर मुळीच नको. तीन वर्षांनी औषध काही आठवडे थांबवून पुन्हा तपासतात. काही मुलांना पुढे गोळीची गरजच उरत नाही.

आम्ही म्हापशाचे. मुलाच्या टाचेच्या रक्तात ‘जी-सिक्स-पीडी कमी’ असं आलं. डॉक्टरांनी टाळायच्या औषधांची लांबलचक यादी दिली. हा आजार जन्मभर राहणार का? (एक आई, गोवा)

गोव्यानं 2008 सालीच राज्यभर नवजात बाळांच्या रक्ततपासणीचा कार्यक्रम सुरू केला होता, तेव्हा तुमच्याकडच्या डॉक्टरांना हा विषय नवा नाही.

जी-सिक्स-पीडी हे लाल रक्तपेशींचं रक्षण करणारं एन्झाइम. ते कमी असलं की काही ठरावीक पदार्थांच्या संपर्कात आल्यावर पेशी फुटतात, कावीळ वाढते, लघवी कोकम सरबतासारखी गडद होते. ही कमतरता जन्मभर राहते. पण त्या पदार्थांपासून लांब राहिलं तर बहुतेक मुलांना जन्मभर त्रासही होत नाही. दोष आईकडून मुलाकडे येतो, म्हणून पुढे मुलगा झाला तर त्याचीही तपासणी करून घ्या.

यादीतली औषधं डॉक्टर सांभाळतील. प्रायमाक्विन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन ही त्यातली ठळक नावं. कुठल्याही दवाखान्यात गेलात की आधी कमतरतेचा कागद दाखवायचा. घरातली खरी भीती आहे ती डांबराच्या गोळ्यांची. आपल्याकडे बाळंतविड्याची झबली, टकुची, आजीनं जपून ठेवलेली दुपटी ट्रंकेतून निघतात, आणि वर्षानुवर्षं त्यात डांबरगोळ्या पडलेल्या असतात. ते कपडे नुसते झटकून बाळाच्या अंगावर चढतात. त्यात बाळाला नुकतंच तेल लावलेलं असेल तर गोळीतलं नॅफ्थलीन कातडीतून आणखी सहज आत शिरतं. दोन-तीन दिवसांत बाळ पिवळं-फिकट पडतं, आणि कपड्यांचा संशय कुणालाही येत नाही. तेव्हा गोळ्या घरातूनच बाहेर काढा. ट्रंकेत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. जुने कपडे वापरू नयेत हे उत्तम. वापरायचेच असतील तर वास पूर्ण जाईपर्यंत धुवा आणि उन्हात टाका. बाळाच्या हातापायांना मेंदीही नको.

खाण्यात टाळायचा तो बाकला (फावा बीन्स). पुढे मुलानंही आणि आत्ता अंगावर पाजत असताना तुम्हीही. काही याद्यांमध्ये वाल, पावटा, घेवडा, सगळ्याच शेंगा ओढलेल्या असतात. तेवढं घाबरायचं कारण मला दिसत नाही.

नातीची कानाची मशीनवरची तपासणी केली, कागदावर ‘रेफर’ लिहून आलं. पण मी थाळी वाजवली की ती दचकते. मग परत कशाला न्यायचं? (एक आजी, कोल्हापूर)

आजी, थाळीवर भरवसा ठेवू नका. बाळ आवाजानं दचकतं तसं हवेच्या झोतानं, पलंगाला बसलेल्या हादऱ्यानं, हात हललेला दिसल्यानंही दचकतं. शिवाय पुष्कळदा ऐकू कमी येतं ते ठरावीक सुरांचं. थाळीचा दणका ऐकू येतो, पण ‘स’ आणि ‘श’ निसटतात. असं मूल हाकेला वळतं, म्हणून घरचे निर्धास्त राहतात, आणि दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही तेव्हा ‘याचा बापही उशिराच बोलायला लागला’ यावर आणखी सहा महिने जातात.

‘रेफर’ म्हणजे बहिरेपण नव्हे. पहिल्या एक-दोन दिवसांत कानाच्या नळीत जन्माचा चिकट थर किंवा पाणी असतं, किंवा बाळ चुळबुळत असतं, म्हणून मशीन ‘रेफर’ दाखवतं. दोन-तीन आठवड्यांनी बाळ पोटभर पिऊन झोपलेलं असताना पुन्हा करा. बहुतेक जणी तेव्हा पास होतात. पुन्हा ‘रेफर’ आलं तर बेरा नावाची तपासणी. तिच्यात कानापासून मेंदूपर्यंतचा रस्ता पाहतात. नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाला मात्र साधी ओएई (कानात मशीन लावून करतात ती पहिली चाचणी) पुरत नाही, पहिल्यापासूनच बेरा हवी, कारण काही मुलांचा आतला कान ठीक असतो पण पुढची नस संदेश नेत नाही.

वेळेचा हिशोब असा: पहिली चाचणी एक महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांच्या आत, श्रवणयंत्र आणि वाचा-उपचार सहा महिन्यांच्या आत. तुमच्या पत्रात सून ही मुलाच्या मामाची मुलगी असल्याचं लिहिलंय. आते-मामे नात्यात लग्न झालेल्या घरी जन्मजात बहिरेपणाची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून तुम्ही तर अजिबात टाळू नका. कोल्हापुरात सोय आहेच. पुढची गरज पडली तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा-श्रवणाचंच काम करते.

बायको सिकलसेलची वाहक आहे, गरोदरपणात कळलं. माझी तपासणी झालेली नाही. बाळ महिन्याचं आहे, त्याची सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह आली. आता प्रश्न मिटला ना? (एक बाबा, भंडारा)

नाही मिटला. सिकलसेल म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. नवजात बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, आणि पहिले सहा महिने ते या साध्या चाचणीला फसवतं. या वयात निगेटिव्हला किंमत नाही. बाळाची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) करा, टाचेच्या रक्तावरही होते. आणि त्याच दिवशी तुमचीही करा. खरं तर तुमची आधी व्हायला हवी होती. बायकोचा रिपोर्ट आला त्या आठवड्यात नवऱ्याचं रक्त गेलं असतं, तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. विदर्भात अजूनही ‘दोष बाईकडचा’ म्हणून पुरुष तपासणीला येत नाहीत, याचा मला राग येतो.

तुम्ही वाहक नसाल, थॅलेसेमियाचा अंशही नसेल, तर बाळ फार तर आईसारखं वाहक निघेल आणि वाहकाला सहसा औषध लागत नाही. तुम्हीही वाहक असाल, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजाराची. तीन मुलं निरोगी झाली म्हणून चौथं आजारी होणार असं नाही, आणि पहिलं आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली असंही नाही. प्रत्येक वेळी नव्यानं चारात एक.

आजार असलाच तर आत्ताच कळण्याचा फायदा काय? दुखणी सहसा सहा महिन्यांनंतर सुरू होतात, हातपायांची बोटं सुजतात, मूल कळवळून रडतं. पण सर्वांत घातक असतो जंतुसंसर्ग. दोन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन, न्यूमोकोकलची लस वेळेवर (सरकारी लसीकरणात ती आहेच) आणि ताप 101च्या वर गेला की रात्र असो की पाऊस, दवाखाना. शिवाय डॉक्टर तुम्हाला डाव्या बरगडीखाली प्लीहा चाचपायला शिकवतील. ती अचानक मोठी झाली आणि मूल पांढरं पडलं तर तासांचा खेळ असतो. हे आईला नीट येत असेल तर मुलाचा जीव वाचतो.

2023च्या जुलैपासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात होते. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

आमचं बाळंतपण सरकारी रुग्णालयात झालं. तिथे असलं काही करतात का? (एक आई, बीड)

बरंच करतात, पण कुणी समजावून सांगत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013मध्ये आपल्या पालघरहूनच सुरू झाला. जन्मलेल्या प्रत्येक बाळाला डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं, टाळू, पाठीचा कणा, पाऊल, खुबा, डोळे, हृदय, हे त्याचं पहिलं काम. नंतर आशाताई घरी येतात, दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर 42 दिवसांत सहा वेळा. काही सापडलं तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेसारखा खर्चही या कार्यक्रमातून होतो.

टाचेचं रक्त सगळीकडे घेत नाहीत. तुमच्याकडे घेतलं का, हे डिस्चार्जच्या कागदावर पाहा. दुसरं विचारा, ऑक्सिजन मोजला का? चोवीस तासांनंतर बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला पट्टी लावून ही दोन मिनिटांत होणारी मोजणी आहे. दोन्हीकडे 95 किंवा जास्त आणि दोघांतला फरक तीनपेक्षा जास्त नाही, तर ठीक. हृदयाचे काही गंभीर दोष पहिल्या दिवशी दिसत नाहीत, कारण गर्भातली एक जादा रक्तवाहिनी अजून उघडी असते. ती मिटली की बाळ घरी अचानक निळं पडतं.

आणि बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात आवळू नका. खुब्याचा सांधा त्यानं निसटू शकतो. पायाळू बाळाची तर सहाव्या आठवड्यात खुब्याची सोनोग्राफी करून घ्यावी.

पाच चाचण्यांचं पॅकेज घ्यावं की पन्नास? (ठाणे, पुणे, छत्रपती संभाजीनगर इथून पाच-सहा पत्रं)

या पाच आजारांचं नक्की घ्या: थायरॉइड, अॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात आजार सीएएच, जी-सिक्स-पीडी, गॅलॅक्टोसीमिया (दुधातली साखर शरीराला वापरता न येणं), बायोटिनिडेज या एन्झाइमची कमतरता. परवडत असेल तर मोठं घ्या. नात्यात लग्न असेल किंवा आधीचं मूल कारण न कळता गेलं असेल, तर मोठंच घ्या. मोठ्या पॅकेजमध्ये खोटी घंटा जास्त वाजते, एवढी मनाची तयारी हवी. बाळाला रक्त चढवायचं असेल तर नमुना त्याआधी घ्यायला सांगा.

एकतिसाव्या आठवड्यात झालेली मुलगी आता घरी आली, वजन वाढतंय. डोळ्यांची तारीख दिली होती, पण एवढ्या गर्दीत तिला बाहेर न्यावंसं वाटत नाही. (एक आई, ठाणे)

न्या. 34 आठवड्यांच्या आधी किंवा दोन किलोंच्या आत जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा चौथ्या आठवड्याच्या आत तपासायलाच हवा, अगदीच लहान बाळाचा त्याहून आधी. बाहेरून डोळे टपोरे, सुंदर दिसतात आणि आत पडदा सुटत असतो. वेळेत लेझर झालं तर दृष्टी राहते. पडदा सुटून गेल्यावर फारसं काही हातात राहत नाही. एकदा ‘ठीक आहे’ म्हटलं तरी पडद्याची वाढ पूर्ण होईपर्यंत पुढच्या तारखा असतातच.

बाळ 24 दिवसांचं, डोळे अजून पिवळे. काविळीची माळ घातली आहे, ती वाढतेही आहे. शी पांढरट होते. (एक मामा, सोलापूर)

माळ वाढते ती ओले देठ सुकून गाठी सैल झाल्यामुळे. काविळीशी तिचा संबंध नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाची कावीळ कधीकधी महिनाभर रेंगाळते, पण शी पिवळीधमक आणि लघवी पाण्यासारखी असेल तरच ती निरुपद्रवी. पांढरट, खडूच्या रंगाची शी म्हणजे पित्त आतड्यात उतरत नाही. पित्तनलिका बंद असेल तर शस्त्रक्रिया साठाव्या दिवसाच्या आत झाली तर तिचा गुण येतो. आजच डायरेक्ट बिलिरुबिन (रक्तात साठलेल्या पित्ताच्या रंगद्रव्याची तपासणी) करून घ्या, आणि लंगोटाचा मोबाइलवर दिवसाउजेडी फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

सून न्यू जर्सीला. बाळाच्या रक्तात ‘आयआरटी वाढलेलं, सिस्टिक फायब्रोसिसची शंका’ असं आलंय. भारतीय मुलांना हा आजार होतो का? (आजोबा, पुणे)

सिस्टिक फायब्रोसिस म्हणजे फुप्फुसांत आणि पचनसंस्थेत घट्ट चिकट स्राव साठवणारा आनुवंशिक आजार. तो आपल्या मुलांना होतो, पण गोऱ्या मुलांपेक्षा पुष्कळ कमी. 1960च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांनी कागदावर रक्त टिपायची ही पद्धत रुजवली, आणि आज अमेरिकेतलं प्रत्येक राज्य सरकारच ती तपासणी करतं. आयआरटी (स्वादुपिंडातून रक्तात येणारं एक प्रथिन) वाढलेल्या बहुतेक बाळांना आजार नसतो, जन्मतानाच्या ताणानंही तो वाढतो. खरा निकाल घामातल्या क्लोराइडचा: 30च्या खाली तर शंका जवळपास मिटते, 60 किंवा जास्त तर आजार. जनुक-चाचणीत काही सापडलं नाही म्हणून घामाची चाचणी टाळू नये. काही चाचण्यांत युरोपीय लोकांत आढळणारे दोषच प्रामुख्यानं शोधतात, आपल्या लोकांतले निसटू शकतात.

टाचेचं रक्त देऊन तीन आठवडे झाले. कुणाचा फोन नाही, म्हणजे सगळं नॉर्मल समजायचं ना? (एक आई, सांगली)

मुळीच नाही. कागदावर रिपोर्ट पाहिल्याशिवाय काहीही समजू नका. नेहमी घडतं ते असं: पत्ता सासरचा, फोन नवऱ्याचा, आणि बाळ-बाळंतीण सव्वा महिना माहेरी. लॅबवाले अनोळखी नंबरवरून दोनदा फोन करतात, नवरा कामावर असतो, उचलत नाही. कार्डावर बाळाचं नाव ‘बेबी ऑफ’ अमुक असं आईच्या नावानं असतं, रिपोर्टही त्याच नावानं पडून राहतो आणि बारशाच्या नावानं चौकशी केली की ‘असं कोणी नाही’ हे उत्तर मिळतं.

आज हॉस्पिटलला फोन करा. आईचं नाव, बाळाची जन्मतारीख आणि कार्ड नंबर सांगा. ‘नमुना अपुरा’ असं उत्तर आलं तर उद्या सकाळी बाळाला घेऊन जा, माहेरच्या गावातल्या लॅबमध्येही चालेल. ज्यांची बाळंतपणं अजून व्हायची आहेत, त्यांनी कार्डावर दोन नंबर लिहावेत, त्यातला एक आजोळचा.